पत्र कोठे अडले? संगणकावरील ई-मेलची जोडणी आणि बिघाडाचे निदान



या पत्रिकेतून आम्ही बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. पीककर्जाचे कागद, माती परीक्षणाचा अहवाल, ठिबक संचाचे दरपत्रक, उपसा जलसिंचन संस्थेचा पत्रव्यवहार, यांतले पुष्कळसे टपाल आता ई-मेलने येते-जाते. घरात मुलगा-सून किंवा संस्थेत सचिव संगणकावर हे टपाल पाहतात. आणि गटात फिरताना, उसाची पाहणी झाली की हमखास एक तक्रार कानावर येते, "साहेब, मेलच येत नाही हो!"

त्यावर उपाय काय होतो? कोणी प्रोग्रॅम काढून पुन्हा घालतो. कोणी खाते पुसून नव्याने जोडतो. कोणी शेजारच्या पोराला बोलावतो आणि तो चार ठिकाणचे आकडे एकदम बदलून जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली ही गत. यात वेळ जातो तो जातोच, पण कधी कधी संस्थेची पाच-सात वर्षांची पत्रे कायमची नाहीशी होतात. बँकेने कर्जाचा हप्ता वाढवून दिल्याचे पत्र किंवा पंप कंपनीने हमी दिल्याचे पत्र पुन्हा मागून मिळेलच असे नाही. म्हणून आधी निदान, मग औषध, हा पिकाला लागू असणारा नियम येथेही पाळावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

जे सभासद केवळ मोबाईलवर टपाल पाहतात त्यांना संगणकावरील वेगळ्या प्रोग्रॅमची गरज नाही. परंतु ज्यांच्याकडे दोन-तीन पत्ते आहेत, संस्थेचे दप्तर आहे, किंवा लाईन बंद असतानाही जुनी पत्रे वाचायची असतात, त्यांना तो सोयीचा पडतो. उदाहरणादाखल आम्ही थंडरबर्ड हा प्रोग्रॅम आणि जीमेलचा पत्ता घेतला आहे. थंडरबर्ड हा मोझिलाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ७ डिसेंबर २००४ रोजी निघाली. प्रोग्रॅम दुसरा असला तरी निदानाची रीत हीच राहते.

१. टपालाचा मार्ग

संगणकाच्या जाळ्यावरून एका यंत्रावरील पत्र दुसऱ्या यंत्रावर पाठविण्याचा प्रयोग अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केला. पत्त्यातील 'ॲट'ची खूण त्यांनीच निवडली. आपल्या देशात सामान्य ग्राहकाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगममार्फत मिळू लागले. पुढे सोयी पुष्कळ वाढल्या, पण पत्राचा मार्ग मूळचाच आहे.

आपण पत्र लिहून 'सेंड'चे बटण दाबतो तेव्हा ते सरळ समोरच्या माणसाकडे जात नाही. ते प्रथम आपल्या सेवा देणाऱ्याच्या यंत्राकडे जाते. या यंत्राला सर्व्हर म्हणतात. तेथून ते समोरच्याच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथे पडून राहते. समोरचा माणूस आपला प्रोग्रॅम उघडतो तेव्हा ते त्याला दिसते.

म्हणजे सर्व्हर ही विहीर, इंटरनेट ही पाईपलाईन आणि आपल्या संगणकावरचा प्रोग्रॅम हा शेताच्या टोकाचा ड्रिपर समजावा. ड्रिपरमधून थेंब पडत नाही म्हणून आपण लगेच मोटर बदलत नाही. आधी विहिरीत पाणी आहे का, मोटर चालू आहे का, फिल्टर तुंबला आहे का, सबमेनचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, हे क्रमाने पाहतो. ई-मेलचे तसेच आहे.

दुसरी गोष्ट अशी की, टपाल येण्याचा आणि जाण्याचा मार्ग वेगवेगळा असतो. शेतात पाण्याचा पाट वेगळा आणि निचऱ्याची चारी वेगळी, तसेच हे. जाणाऱ्या टपालाच्या पद्धतीला एसएमटीपी म्हणतात. येणाऱ्या टपालाच्या पद्धती दोन आहेत, पॉप आणि आयमॅप. त्यामुळे "मेल येतो पण जात नाही" किंवा "जातो पण येत नाही" असे होऊ शकते. यात नवल काही नाही. जो मार्ग अडला तोच तपासावा, दुसऱ्याला हात लावू नये.

२. पॉप की आयमॅप?

नवीन जोडणी करताना प्रोग्रॅम हा प्रश्न विचारतो आणि पुष्कळ जण न वाचता पुढे जातात. पण पुढचे बरेचसे नुकसान येथेच ठरते.

पॉप पद्धतीत पत्र सर्व्हरवरून उतरवून आपल्या संगणकात आणले जाते. वखारीतले धान्य घरच्या कणगीत आणून भरावे तसे. घरी आणल्यावर वखारीत काही शिल्लक राहील की नाही, हे सेटिंगवर अवलंबून असते. 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' ही खूण नसेल तर सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. खूण असली तरी तिच्याखाली दिवसांची मर्यादा घातलेली असू शकते, तीही पाहावी. अशा वेळी संगणकाची हार्ड डिस्क बिघडली की पत्रे गेली. मोबाईलवर शोधूनही सापडत नाहीत.

आयमॅप पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवर राहते आणि आपल्या संगणकात त्याची प्रत दिसते. मोबाईल, घरचा संगणक आणि संस्थेचा संगणक या तिन्ही ठिकाणी एकच दप्तर दिसते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. संगणकावर पत्र पुसले तर ते मोबाईलवरूनही जाते, कारण दप्तर एकच आहे. "मोबाईलमध्ये आहे ना, इथलं पुसून टाकू," असे म्हणून कोणी साफसफाई करू नये.

आमचे सांगणे असे की, सभासदांनी आयमॅपच निवडावे. ज्यांचे पूर्वीपासून पॉप आहे त्यांनी घाईने बदल करू नये. आधी सर्व जुन्या पत्रांची राखीव प्रत काढावी (रीत पुढे मुद्दा ६ मध्ये दिली आहे), मगच आयमॅपने नवी जोडणी करावी.

३. जोडणी कशी करावी?

थंडरबर्डमध्ये नवे खाते जोडताना आपले नाव, पूर्ण पत्ता आणि पासवर्ड विचारला जातो. पत्ता नीट लिहिला की जीमेलसारख्या मोठ्या सेवांची माहिती प्रोग्रॅम आपण होऊन शोधतो. नंतर गूगलची एक खिडकी उघडते. तीत पासवर्ड देऊन परवानगी दिली की काम झाले. तरीही खालील आकडे वहीत लिहून ठेवावेत, बिघाडाच्या वेळी पडताळून पाहता येतात. सर्व्हरची नावे रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावयाची असतात.

येणारे टपाल, आयमॅप : सर्व्हर 'आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम', पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस.

येणारे टपाल, पॉप असल्यास : सर्व्हर 'पॉप डॉट जीमेल डॉट कॉम', पोर्ट ९९५, सुरक्षा एसएसएल/टीएलएस.

जाणारे टपाल : सर्व्हर 'एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम', पोर्ट ४६५ असल्यास सुरक्षा एसएसएल/टीएलएस, पोर्ट ५८७ असल्यास सुरक्षा स्टार्टटीएलएस.

वापरणाऱ्याचे नाव : अर्धवट नाव नव्हे, तर पूर्ण ई-मेल पत्ता.

पडताळणीची पद्धत : ओऑथ२.

पोर्ट आणि सुरक्षा यांची जोडी मोडू नये. ४६५ बरोबर स्टार्टटीएलएस किंवा ५८७ बरोबर एसएसएल लावले तर प्रोग्रॅम नुसता फिरत राहतो आणि शेवटी "जोडणी झाली नाही" असे सांगतो. दोन इंचाच्या पाईपला अडीच इंचाचा कपलर बसत नाही, तसेच हे.

ज्या संस्थांचा पत्ता त्यांच्या स्वतःच्या नावाचा आहे, त्यांनी सेवा देणाऱ्याकडून सर्व्हरचे नाव, पोर्ट, सुरक्षेचा प्रकार आणि वापरणाऱ्याचे नाव कसे लिहावे, या चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. तोंडी सांगितलेल्यावर काम करू नये.

४. निदानाची रीत

आता मुख्य मुद्दा. मेल येत नाही असे वाटले की कोणत्याही सेटिंगला हात लावण्यापूर्वी एकच परीक्षा करावी. तोच पत्ता मोबाईलवर किंवा ब्राउझरमध्ये जीमेलच्या पानावर उघडून पाहावा.

तेथे पत्र दिसत असेल तर विहिरीत पाणी आहे. दोष आपल्या बाजूला, म्हणजे इंटरनेट, पासवर्ड, सेटिंग किंवा प्रोग्रॅम यांपैकी कशात तरी आहे.

तेथेही पत्र दिसत नसेल तर विहिरीतच पाणी नाही. पाठविणाऱ्याने पाठविलेच नाही, पत्ता चुकला, पत्र स्पॅममध्ये गेले किंवा आपली जागा भरली, यांपैकी काहीतरी आहे. अशा वेळी संगणकावरचा प्रोग्रॅम दहा वेळा काढून घातला तरी पत्र येणार नाही.

एवढ्या एका परीक्षेने निम्मे काम होते. नंतर दोन नियम पाळावेत. एका वेळी एकच बदल करावा आणि लगेच तपासावा. उपयोग झाला नाही तर तो बदल पूर्ववत करून मगच दुसरा करावा. पिकावर एकाच दिवशी तीन औषधे मारली तर गुण कशाचा आणि पाने कशाने करपली, हे कळत नाही. दुसरा नियम, पडद्यावर आलेला इंग्रजी मजकूर 'ओके' दाबून घालवू नये. तो जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा मोबाईलने त्याचा फोटो काढावा. रोगट पान हातात असले तर आम्हाला रोग सांगता येतो. नुसते "ऊस बरा दिसत नाही" म्हटल्यावर काय सांगणार? येथेही तसेच आहे.

५. नेहमी आढळणारे बिघाड

(अ) येतही नाही, जातही नाही. प्रथम ब्राउझरमध्ये एखादे पान उघडते का ते पाहावे. ते उघडत नसेल तर दोष लाईनचा. उघडत असेल तर थंडरबर्डच्या 'फाईल' यादीत 'वर्क ऑफलाईन'वर चुकून खूण झाली आहे का ते पाहावे. लहान मुलांचा हात लागून हे पुष्कळदा होते.

यानंतर संगणकाचे घड्याळ पाहावे. संगणकात नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि संगणक एकदम कित्येक वर्षे जुना दिवस दाखवू लागतो. सर्व्हरच्या ओळखीच्या दाखल्याला मुदत असते. तारीख चुकली की आपल्या संगणकाला तो दाखला खोटा वाटतो आणि "सर्टिफिकेट"विषयी तक्रार येते. तारीख दुरुस्त केली की मेल सुरू होतो. सेल स्वस्त असतो, तो बदलून घ्यावा. तारीख बरोबर असूनही दाखल्याची तक्रार आली तर मात्र "तरीही जोडा" असे बटण दाबू नये. जाणकाराला दाखवावे.

(आ) पासवर्ड बरोबर असून चुकीचा म्हणतो. पहिले कारण, मोबाईलवर कोणी पासवर्ड बदललेला असतो आणि संगणकात जुनाच साठवलेला असतो. सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त साठविलेले पासवर्ड दिसतात. तेथून जुना काढावा आणि विचारल्यावर नवा द्यावा.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. नुसत्या नाव-पासवर्डावर जुन्या प्रोग्रॅमला प्रवेश देण्याची सोय गूगलने व्यक्तिगत खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केली. ज्यांची जोडणी त्यापूर्वीची होती, त्यांचा मेल पासवर्ड बरोबर असूनही बंद पडला. उपाय असा की, सर्व्हर सेटिंग्जमध्ये पडताळणीची पद्धत 'नॉर्मल पासवर्ड'ऐवजी 'ओऑथ२' करावी. ती येणाऱ्या आणि जाणाऱ्या अशा दोन्ही टपालांसाठी वेगवेगळी बदलावी लागते. गूगलची खिडकी उघडून पुढे सरकत नसेल तर थंडरबर्डमध्ये कुकीज घेण्यास मनाई केली आहे का ते पाहावे. ती मनाई असली की परवानगी पूर्ण होत नाही.

ज्या प्रोग्रॅममध्ये ओऑथ२ नाही, त्याच्यासाठी गूगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा 'ॲप पासवर्ड' घेता येतो. तो त्या प्रोग्रॅमपुरताच वापरावा.

(इ) येतो, पण जात नाही. पत्र 'आउटबॉक्स'मध्ये अडकून पडले असेल तर जाणाऱ्या मार्गाची तपासणी करावी. सर्व्हरचे नाव, पोर्ट, सुरक्षा आणि पडताळणी वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहावी. जुन्या जोडणीत पोर्ट २५ असेल तर तो बदलावा, कारण अनेक लाईन देणाऱ्या कंपन्या त्या मार्गाने टपाल जाऊ देत नाहीत.

हे सर्व ठीक असेल तर पत्राचे वजन पाहावे. जीमेलवर एका पत्राची मर्यादा २५ एमबी आहे. त्यात मेख अशी की, जोडलेली फाईल पाठविताना तिचे वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढते. म्हणून १८ एमबीच्या वरची फाईल जोडू नये. सात-बारा आणि पासबुकाचे मोबाईलने काढलेले मोठे फोटो दहा-बारा जोडले की हे वजन सहज होते. ट्रॉलीला झेपेल एवढाच ऊस भरावा. बाकीचा दुसऱ्या खेपेला.

पत्र गेले पण परत आले, तर 'मेलर डेमन' या नावाने उलट टपाल येते. ते पुसण्यापूर्वी वाचावे. पत्ता चुकला की समोरची पेटी भरली, हे त्यात लिहिलेले असते.

(ई) मोबाईलवर दिसते, संगणकावर दिसत नाही. प्रथम यादी कशी लावली आहे ते पाहावे. तारखेचा क्रम उलटा झाला की नवे पत्र यादीच्या तळाशी जाते आणि माणूस वर शोधत बसतो. 'फक्त न वाचलेली' अशी चाळणी लागली आहे का, तेही पाहावे.

यात काही न सापडल्यास फोल्डरची सूची बिघडलेली असू शकते. प्रोग्रॅम चालू असताना वीज गेली की असे होते. फोल्डरवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' करावे. याने पत्रे पुसली जात नाहीत, फक्त सूची नव्याने तयार होते. त्यानंतरही घोटाळा राहिला तर 'हेल्प' यादीतील 'ट्रबलशूट मोड'मध्ये प्रोग्रॅम सुरू करावा. त्यात वरून जोडलेल्या सर्व सोयी तात्पुरत्या बंद राहतात. तेथे नीट चालले तर दोष त्या जोडसोयींचा समजावा.

(उ) कोठेच दिसत नाही. 'स्पॅम'चे फोल्डर उघडावे. जीमेलमध्ये तेथील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी तिकडे नजर टाकावी. नंतर जागा पाहावी. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. लग्नकार्याचे व्हिडिओ फोटोंत चढले की जागा भरते आणि बँकेचे पत्र परत जाते. दोष मेलचा नसतो, पण टपाल मात्र बुडते. आणखी एक गोष्ट. दोन वर्षे वापर न झालेली व्यक्तिगत खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरू केले आहे. नावापुरते उघडून ठेवलेले संस्थेचे खाते अधूनमधून वापरात ठेवावे.

(ऊ) मराठी अक्षरे कळत नाहीत. पत्रात मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा गडबडगुंडा दिसला, तर ते पत्र जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेले असते. तो फॉन्ट आपल्या संगणकात नसला की अक्षरे बिघडलेली दिसतात. उपाय पाठविणाऱ्याच्या हातात आहे. टंकलेखन युनिकोडमध्ये करावे. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक मुळातच असतो, तो फक्त सुरू करावा लागतो. जुना मसुदाच पाठवायचा असेल तर त्याची पीडीएफ करून जोडावी. मजकूर युनिकोडमध्ये असूनही विचित्र दिसत असेल तर थंडरबर्डच्या 'व्ह्यू' यादीतील 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' वापरून पाहावे.

(ए) प्रोग्रॅम फार मंद झाला आहे. पुसलेले पत्र यादीतून जाते, पण फोल्डरच्या फाईलमध्ये जागा अडवून राहते. फोल्डरवर उजवे बटण दाबून 'कॉम्पॅक्ट' केले की ही जागा मोकळी होते. हे काम वीज जाण्याच्या वेळेत करू नये आणि आधी राखीव प्रत काढावी. सर्व पत्रे इनबॉक्समध्ये साठवू नयेत. बँक, वीज, ठिबक, कारखाना अशी वेगळी फोल्डरे करावीत.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. थंडरबर्ड सर्वसाधारणपणे एका फोल्डरची सगळी पत्रे एकाच फाईलमध्ये ठेवतो. अँटिव्हायरसला त्यात एक वाईट पत्र सापडले आणि त्याने ती फाईलच उचलून बाजूला टाकली, तर त्याबरोबर चांगली पत्रेही जातात. इनबॉक्स एकाएकी रिकामा दिसला तर घाबरून काही पुसू नये, अँटिव्हायरसच्या 'क्वारंटाईन'मध्ये आधी पाहावे.

(ऐ) प्रोग्रॅमच जुना झाला आहे. विंडोज एक्सपीबरोबर आलेला आउटलुक एक्स्प्रेस काही ठिकाणी अजून दिसतो. विंडोजमधील 'मेल' या छोट्या प्रोग्रॅमचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपविला. अशा ठिकाणी दुरुस्तीच्या नादी लागू नये. तिसऱ्या-चौथ्या खोडव्याला कितीही खत घातले तरी नव्या लागणीचा उतारा मिळत नाही. राखीव प्रत काढून नवा प्रोग्रॅम घ्यावा.

६. राखीव प्रत

बेणेमळा राखतो तशी पत्रांची राखीव प्रत ठेवावी. थंडरबर्डच्या 'हेल्प' यादीत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडावे. तेथे 'प्रोफाईल फोल्डर' या ओळीसमोर फोल्डर उघडण्याचे बटण आहे. फोल्डरची जागा लक्षात ठेवावी, थंडरबर्ड पूर्ण बंद करावे आणि तो संपूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. खाती, पत्रे आणि साठविलेले पासवर्ड त्यात येतात. म्हणून तो पेन ड्राइव्ह कपाटात ठेवावा, कोणालाही गाणी भरायला देऊ नये.

दर महिन्याला एकदा आणि कोणतीही मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी एकदा, असा नेम ठेवावा. विशेषतः पॉप पद्धत असेल तर राखीव प्रतीशिवाय खाते पुसू नये. खाते काढताना "संदेशही काढू का?" असे प्रोग्रॅम विचारतो. तेथे होय म्हटले आणि सर्व्हरवर प्रत नसली, तर ती पत्रे गेली.

७. फसवणुकीपासून सावध

मेल बंद पडला की माणूस घायकुतीला येतो आणि नेमका तेव्हाच फसतो. "आपली पेटी आज बंद होणार, येथे दाबा" अशी पत्रे येतात. तेथे दाबले की गूगलसारखे दिसणारे खोटे पान उघडते आणि पासवर्ड चोराच्या हाती जातो. पासवर्ड नेहमी स्वतः पत्ता लिहून उघडलेल्या पानावरच द्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या "ग्राहक सेवा" क्रमांकावर फोन करून संगणकाचा ताबा देऊ नये. ओटीपी कोणालाही सांगू नये, अगदी कारखान्याच्या नावाने कोणी मागितला तरी.

ठिबक, खत किंवा यंत्राच्या विक्रेत्याकडून "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असे पत्र आले तर पैसे भरण्यापूर्वी त्याच्या जुन्या, माहितीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पत्र त्याच्याच पत्त्यावरून आले म्हणून ते त्यानेच लिहिले असे नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालविता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसले की पैसे पुढच्या खात्यात जातात आणि माग लागत नाही.

८. थोडक्यात

(१) आधी मोबाईलवर किंवा ब्राउझरमध्ये पाहावे. पत्र तेथे असेल तर दोष आपल्या बाजूला, नसेल तर पलीकडे.
(२) येण्याचा मार्ग वेगळा आणि जाण्याचा वेगळा. जो अडला तोच तपासावा.
(३) एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत तारखेसह लिहावा. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नये.
(४) नवी जोडणी आयमॅपने करावी.
(५) राखीव प्रतीशिवाय खाते, फोल्डर किंवा प्रोग्रॅम पुसू नये.
(६) पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नये.

संस्थेच्या सचिवांना आमची विशेष विनंती आहे. आपल्याकडील संगणक हे केवळ यंत्र नव्हे, ते सभासदांचे दप्तर आहे. आपली बदली झाली किंवा आपण निवृत्त झालात तरी ते दप्तर पुढच्या माणसाच्या हाती सुरळीत गेले पाहिजे. खाते कोणाच्या नावावर आहे, कोणता मोबाईल क्रमांक त्याला जोडला आहे आणि राखीव प्रत कोठे आहे, याची नोंद संचालक मंडळाकडे असू द्यावी. सचिव गेल्यावर खात्याचा ओटीपी त्यांच्या मोबाईलवर जातो आणि संस्था आपल्याच पत्रांना मुकते, असे होता कामा नये.

हंगामाच्या धामधुमीत हे करणे होत नाही. तेव्हा गाळप सुरू होण्यापूर्वीच एक दिवस काढून घरच्या मुलांना जवळ बसवावे, हा लेख समोर ठेवावा आणि वरील आकडे, पद्धत व राखीव प्रत तपासून घ्यावी. मुलांना बटणे माहीत असतात आणि कोणते पत्र जपायचे ते आपल्याला माहीत असते. दोघांनी मिळून केले तर काम तासाभराचे आहे.